घोडा कुणाच्या पैशाचा? कलकत्त्याच्या घोडेबाजाराची गोष्ट



या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढाया, किल्ले आणि पलटणी यांच्याबद्दल बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण मुळं त्याच मातीत आहेत. निवृत्त झाल्यापासून मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न लढाईचा नाही. तो साधारण असा असतो : "साहेब, मुलगी दोन वर्षं घोड्यावर बसतेय, आता शो जंपिंग करायचं म्हणते. आमचं बजेट अमुक इतकं आहे. त्यात चांगला घोडा मिळेल का?" हा प्रश्न पुण्यातून येतो, इंदूर-बडोद्याहून येतो, कोलकात्यातल्या मराठी घरांतूनही येतो.

उत्तर एका वाक्यात देता येतं : मिळेल, पण "चांगला" म्हणजे कशासाठी चांगला, ते आधी ठरवा. एवढ्यानं कुणाचं समाधान होत नाही, म्हणून आज सविस्तर बोलतो. ठरलेल्या पैशात कामाचा घोडा कसा मिळवायचा, हे कोडं सरकारांना, पलटणींना आणि व्यापाऱ्यांना दोनशे वर्षांहून जास्त काळ पडलेलं आहे. त्याची सर्वांत मोठी प्रयोगशाळा होती कलकत्ता. जुन्या काळापुरतं मी कलकत्ताच म्हणेन. आजही कोलकात्यात खिदिरपूर-मोमिनपूरच्या बाजूला रिमाउंट रोड नावाचा रस्ता आहे. रिमाउंट म्हणजे फौजेसाठी घेतलेला नवा घोडा. रोज हजारो लोक त्या रस्त्यावरून जातात, पण त्या नावामागे केवढा मोठा घोडेबाजार होता, याची आठवण फार थोड्यांना असेल.

बारगीर आणि शिलेदार

सुरुवात आपल्याच माणसांपासून करू. शिवकालीन घोडदळात दोन प्रकारचे स्वार होते, हे आपण शाळेत शिकलो. बारगीर म्हणजे ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळतं तो. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार घेऊन चाकरीला येणारा. शाळेत ही व्याख्या पाठ करून आपण पुढं गेलो. खरं तर ही व्याख्या सैन्याच्या अंदाजपत्रकाची आहे. घोडा मेला तर नुकसान कुणाचं, हा तिच्यातला खरा प्रश्न.

शिलेदाराचा घोडा म्हणजे त्याची अख्खी पुंजी. घोडा पडला की माणूस पायउतार झाला, आणि पायउतार माणसाचा पगारही गेला. असा माणूस घोडा जपणारच, प्रसंगी गरजेपेक्षा जास्त जपणार. बारगिराला ती चिंता नाही, कारण घोडा सरकारचा. पण मग सरकारला पागा उभी करावी लागते. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार. आणि प्रत्येक पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद आणि पाण्यासाठी एक पखालवाला. ही शेवटची ओळ मला फार महत्त्वाची वाटते. घोड्यांची संख्या लिहितानाच त्यांचं पाणी आणि नाल कोण बघणार, हे लिहून ठेवलं आहे. घोड्याची खरेदी एकदा होते, त्याचा खर्च रोज होतो, हे त्या रचनेत गृहीत धरलं आहे.

आता बंगालकडे या. १७४० च्या दशकात नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालवर चालून गेल्या. त्या स्वाऱ्यांत तिथल्या रयतेचे फार हाल झाले, हे आपण मोकळेपणानं मान्य केलं पाहिजे. बंगाली आई आजही बाळाला जी अंगाई म्हणते, तिच्यात "बर्गी" येतात. हे बर्गी म्हणजे आपले बारगीर. म्हणजे सरकारी पागेतल्या स्वारासाठीचा आपला हिशेबातला शब्द बंगालीत जाऊन भीतीचा शब्द झाला.

या भीतीपोटी कलकत्त्यातल्या रहिवाशांनी १७४२ मध्ये कंपनीची परवानगी घेऊन, स्वतःच्या खर्चानं, शहराभोवती खंदक खणायला घेतला. तोच मराठा डिच. सात मैलांचा बेत होता, तीनेक मैल खणून झाल्यावर काम थांबलं, कारण मराठे कलकत्त्यापर्यंत आलेच नाहीत. पुढं १७९९ मध्ये तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. काळाचा खेळ बघा : त्याच शहरातल्या फोर्ट विल्यमचं नाव आता विजय दुर्ग झालं आहे, आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या विजयदुर्गावरून. आणि तिथलं सेंट जॉर्जेस गेट आता शिवाजी गेट आहे.

बारगीर आणि शिलेदार हे दोन शब्द लक्षात ठेवा. शेवटी आपण पुन्हा त्यांच्याकडेच येणार आहोत.

पहिला मार्ग : घरी पैदास

अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीचं राज्य वाढलं, तसं घोडदळ आणि तोफखाना वाढला. तोफ ओढायला जाडजूड, दमदार घोडा लागतो. स्वारासाठी उंच, निरोगी, शांत डोक्याचा घोडा लागतो. तोपर्यंत घोडे यायचे वायव्येकडून. अफगाण सौदागर तांडे घेऊन हरिद्वारच्या आणि सोनपूरच्या जत्रांना यायचे. अरबी घोडे आखातातून मुंबईला उतरायचे. पण वायव्येकडच्या लढायांमुळे पुरवठा बेभरवशाचा झाला होता आणि भाव चढले होते.

कंपनीनं विचार केला, घोडा विकत कशाला घ्यायचा, आपणच पैदास करू. म्हणून १७९० च्या दशकात बिहारमध्ये पुसा इथं सरकारी पैदासकेंद्र निघालं. कागदावर हिशेब सोपा दिसत होता. चांगले नर आणायचे, शेतकऱ्यांकडच्या घोड्या फळवायच्या, शिंगरं विकत घ्यायची. प्रत्यक्षात घोडं पेंड खात होतं ते वेळेपाशी. शिंगरू जन्मल्यापासून पलटणीत उभं राहीपर्यंत चार-पाच वर्षं जातात. त्या काळातला चारा, चंदी, आजार, मृत्यू हे सगळं तयार घोड्याच्या किमतीवर चढतं. फौजेच्या कसोटीला उतरणारे घोडे थोडे आणि खर्च मोठा, ही तक्रार सुरूच राहिली.

१८०८ मध्ये या केंद्राचा प्रमुख म्हणून विल्यम मूरक्रॉफ्ट आला. फ्रान्समध्ये ल्योंला रीतसर शिकलेला हा पहिला इंग्रज पशुवैद्य. लंडनला त्याचा जोरात धंदा होता. यंत्रानं घोड्याचे नाल बनवण्याच्या खटपटीत त्यानं बराच पैसा घालवला होता. पुसाला आल्यावर त्यानं चाऱ्यासाठी ओटची लागवड केली, जनावरांची निगा सुधारली. पण त्याचं एक मत पक्कं झालं : मूळ रक्त उत्तम नसेल तर बाकी सगळी मेहनत अपुरी पडते, आणि ते रक्त मध्य आशियात, तुर्कमेनी घोड्यांत आहे.

दुसरा मार्ग : शोधत फिरणं

मूरक्रॉफ्टची कहाणी आजच्या प्रत्येक घोडा-खरेदीदारानं ऐकावी अशी आहे. १८१२ मध्ये तो गोसाव्याच्या वेषात हिमालय ओलांडून मानसरोवरापर्यंत गेला. निघाला होता घोड्यांसाठी, परत आला पश्मिन्याच्या शेळ्या घेऊन. १८१९ मध्ये तो पुन्हा निघाला, या वेळी बुखाऱ्याकडे. सोबत जॉर्ज ट्रेबेक हा तरुण आणि व्यापारी मालाचा मोठा तांडा होता. वाटेत माल विकायचा आणि त्या पैशातून बुखाऱ्यात घोडे घ्यायचे, असा बेत. कंपनीनं रजा दिली, पण खजिना मोकळा सोडला नाही.

लडाखमध्ये त्याची दोन वर्षं गेली. मग काश्मीर, पेशावर, काबूल. १८२५ च्या फेब्रुवारीत तो बुखाऱ्याला पोचला, म्हणजे निघाल्यापासून सहा वर्षांनी. तिथं लढायांनी घोड्यांचा बाजार विस्कटलेला होता. मनासारखे घोडे थोडेच मिळाले. परतीच्या वाटेवर, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, अंदखुईजवळ तो तापानं गेला. काही महिन्यांत ट्रेबेकही गेला. त्याची प्रवासवर्णनं १८४१ मध्ये लंडनला छापली गेली. भूगोलाला, शाल-व्यापाराला, राजकारणाला त्यांचा मोठा उपयोग झाला. पुसाच्या पागेला काहीच मिळालं नाही.

मला मूरक्रॉफ्टबद्दल आदर आहे. घोड्याची त्याची नजर उत्तम होती. तरीही त्याच्या मोहिमेतून एक व्यवहार शिकावा. शोधाचा खर्च हा घोड्याच्या किमतीचाच भाग असतो. दूरच्या बाजारात घोडा स्वस्त आहे म्हणून आपण निघतो, आणि वाटेवर जे खर्च होतं ते हिशेबात धरत नाही. आजही लोक परदेशात जाऊन दहा तबेले पाहतात. विमानभाडं, हॉटेल, दलाल, तपासणी, वाहतूक, विलगीकरण ही सगळी बेरीज घोड्याच्या पाठीवरच बसते.

पुसासह बंगालमधली पैदासकेंद्रं अखेर १८७० च्या दशकात बंद झाली. पुसाची जमीन पुढं शेती संशोधनाला गेली. दिल्लीच्या ज्या कृषी संशोधन संस्थेला लोक आजही "पुसा" म्हणतात, त्या नावाचं मूळ घोड्यांच्या या गावात आहे. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर संस्था दिल्लीला हलली आणि गावाचं नाव सोबत घेऊन गेली.

तिसरा मार्ग : जहाजानं आलेला वेलर

मूरक्रॉफ्ट डोंगर ओलांडून जे शोधत होता, ते शेवटी समुद्रावरून आलं. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये गोऱ्या वसाहतवाल्यांनी केपचे घोडे, इंग्रजी थरोब्रेड, अरबी, तिमोरचे तट्टू असं मिश्र रक्त मोकळ्या कुरणांवर वाढवलं होतं. तिथं जमीन मुबलक, गवत मुबलक, त्यामुळे वाढवण्याचा खर्च कमी. हे घोडे कलकत्ता आणि मद्रासच्या बंदरात उतरू लागले. न्यू साउथ वेल्सचा म्हणून "वेलर", हे नावही भारतातच पडलं. १८५७ नंतर गोऱ्या पलटणी आणि तोफखाना वाढला, तशी मागणी फार वाढली. १८३४ ते १९३७ या शंभर वर्षांत भारतीय सैन्यासाठी तीन लाखांहून जास्त घोडे आले, असा अंदाज आहे.

आता या व्यापाराची रीत बघा, कारण बजेटचा खरा धडा तिथं आहे. घोडे जहाजावर चढवणारा व्यापारी जोखीम स्वतः घ्यायचा. समुद्र खवळला, जनावरं आजारी पडली, मेली, तर नुकसान त्याचं. थंडीच्या मोसमात जहाजं हुगळीत शिरायची. सरकारचा खरेदी अधिकारी आधी घोडे बघायचा. तोफखान्याला कोणता, स्वाराला कोणता, हे वर्ग ठरलेले, आणि दरही आधी ठरलेले. त्यानं निवडून उरलेले घोडे खाजगी बाजारात जायचे : संस्थानिक, पोलो खेळणारे, शर्यतीचे शौकीन, बग्गीवाले, आणि शेवटी भाड्याच्या गाड्या ओढणारे.

ठरलेला दर सरकारी खजिन्याला सोयीचा असतो. पण विकणाराही हुशार असतो. दर ठरलेला आहे म्हटल्यावर तो त्या दरात परवडेल तेवढाच घोडा आणणार. अतिउत्तम घोडा तो सरकारला का दाखवील? तो राजासाठी किंवा शर्यतीसाठी बाजूला ठेवील. म्हणजे ठरलेल्या बजेटमध्ये सरकारला बहुधा सरस घोडा मिळायचा नाही, पण भरवशाचा मध्यम घोडा मिळायचा, आणि मोठ्या संख्येनं मिळायचा. फौजेला तेच हवं होतं. रांगेत शंभर घोडे एका चालीचे लागतात, एकच हिरा घेऊन काय करायचं? आपलं काम काय आणि किती, हे सरकारला पक्कं माहीत होतं, म्हणून तो व्यवहार शंभर वर्षं टिकला.

त्याच घोड्याला वेगळ्या कामाला जुंपलं तर काय होतं, तेही कलकत्त्यानं पाहिलं. १८७३ मध्ये सियालदह ते आर्मेनियन घाट अशी घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि काही महिन्यांत बंद पडली. १८८० मध्ये कंपनी काढून ती पुन्हा सुरू झाली. ट्राम ओढायला परदेशी दणकट घोडे आणले. शतक संपताना कंपनीकडे सुमारे १००० घोडे होते. बंगालच्या दमट उन्हात, दगडी रस्त्यावर, भरलेली ट्राम ओढणं हे जनावराला जाळणारं काम होतं. १८८२ मध्ये वाफेच्या इंजिनाचा प्रयोग झाला आणि १९०२ मध्ये विजेची ट्राम आली. घोडा वाईट नव्हता, त्याला दिलेलं काम त्याचं नव्हतं. घोडा घेताना हवामानाचाही विचार हवा. थंड प्रदेशातल्या काही घोड्यांना इथल्या दमटपणात घामच फुटेनासा होतो, आणि असा घोडा कामाचा राहत नाही. चावऱ्या माश्यांतून पसरणाऱ्या सर्रा रोगाचं जंतुकारण १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्यानं भारतातच शोधलं. त्यापूर्वी किती घोडे नुसत्या तर्कावर मेले असतील, कल्पना करा.

पलटणीचा चंदा

या सगळ्यात आपला "शिलेदार" कुठं गेला? तो इंग्रजांच्या फौजेत शिरला. त्यांच्या तोंडी तो "सिलादार" झाला. १८१७ मध्ये पेशव्यांशी झालेल्या तहातून उभी राहिलेली पूना हॉर्स घ्या, किंवा उत्तरेकडचे रिसाले घ्या. बहुतेक देशी घोडदळ याच पद्धतीचं होतं. भरती होताना स्वार ठरावीक रक्कम भरायचा, तिला "असामी" म्हणत. त्यातून पलटण त्याला घोडा आणि सरंजाम द्यायची. शिवाय दरमहा पगारातून थोडा "चंदा" कापला जायचा. घोडा मेला की चंद्याच्या फंडातून नवा यायचा.

ही फार शहाणी व्यवस्था होती. एकट्या स्वाराची जोखीम साऱ्या पलटणीत वाटली जायची. आजच्या भाषेत सहकारी विमा म्हणा. पण फंड मर्यादित, म्हणून घोड्याची किंमतही मर्यादित. त्यामुळे गोऱ्या पलटणींकडे वेलर असायचे, तर अनेक सिलादार पलटणी बराच काळ देशी, स्वस्त घोड्यांवर भागवायच्या. शांततेत हे चाललं. पहिल्या महायुद्धात मात्र घोडे आणि माणसं इतक्या वेगानं पडली की फंड पुरेना. युद्धानंतर सिलादारी संपली, १९२१-२२ च्या सुमारास ३९ घोडदळ पलटणींच्या २१ झाल्या आणि घोडा सरकारी झाला. म्हणजे शिलेदाराचा पुन्हा बारगीर झाला. नंतर रणगाडे आले. १९३० च्या दशकाअखेर वेलरची आयात आटली, आणि कलकत्त्याचा तो प्रचंड घोडेबाजार संपला.

शो जंपिंगचा घोडा म्हणजे काय

आता मूळ प्रश्न. शो जंपिंग हा खेळ लष्करी रपेटीतूनच निघाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीच्या फेदेरिको काप्रिल्ली या घोडदळ अधिकाऱ्यानं उडीची बैठक बदलली. तोपर्यंत स्वार उडीच्या वेळी मागं रेलायचा आणि लगाम खेचायचा. काप्रिल्लीनं सांगितलं, पुढं झुका, घोड्याची पाठ आणि मान मोकळी सोडा. आज जगभर हीच बैठक शिकवतात. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकपासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये नियमित आहे. आज सर्वोच्च पातळीवर अडथळे १.६० मीटरच्या आसपास असतात. दांडी पाडली की चार दोष, ठरलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला की आणखी दोष.

दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रॅक्टर आले आणि युरोपातले शेतीचे आणि बग्गीचे घोडे बेकार झाले. तिथल्या पैदासकारांनी गिऱ्हाईक बदललं. जर्मनीत आणि हॉलंडमध्ये त्यांनी त्याच घोड्यांत थरोब्रेडचं रक्त मिसळून खेळाचा घोडा घडवला. आपल्याकडे सैन्याची पैदास राहिली, शर्यतीची पैदास राहिली, पण खेळाच्या घोड्याची पैदास आणि बाजार उभा राहिला नाही. म्हणूनच आज आपल्याकडे बजेट कमी पडतं. घोडे नाहीत असं नाही, मधल्या किमतीचा, शिकलेला, खेळासाठीच घडवलेला घोडा दुर्मीळ आहे.

मग नवख्या घरापुढे तीन वाटा राहतात, आणि त्या आपण वर पाहिलेल्याच आहेत.

पहिली, शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड. कोलकात्याच्या टर्फ क्लबसारख्या ठिकाणी असे घोडे मिळतात, किंमत कमी असते. पण तो सपाट धावायला शिकलेला असतो. त्याला तोल, छोटी पावलं, शांतपणा नव्यानं शिकवावा लागतो. शिवाय पुढच्या पायांच्या शिरा आणि सांधे नीट तपासावे लागतात. नवा स्वार आणि नवा घोडा ही जोडी जमत नाही. इथं वाचलेला पैसा प्रशिक्षकावर खर्च होतो, आणि तो व्हायलाच हवा.

दुसरी, वयस्क पण शिकलेला घोडा. पंधरा-सोळा वर्षांचा, एक मीटर-सव्वा मीटरच्या उड्या हजारदा मारलेला. पालक वय ऐकून नाक मुरडतात. माझ्या मते पहिल्या तीन वर्षांसाठी हाच सर्वांत उपयोगी घोडा. घोडा मुलीला शिकवतो. त्याला पुढं विकून पैसा येणार नाही, म्हणून ही रक्कम शिकवणीची फी समजावी.

तिसरी, युरोपातून आयात. पैसा असेल तर जरूर. पण खरेदीच्या किमतीत तपासणी, वाहतूक, विलगीकरण, शुल्क, आणि इथल्या हवेत रुळण्याचा काळ मिळवा. मूरक्रॉफ्ट आठवा.

आणि कुठलीही वाट घ्या, शिवाजी महाराजांचा नालबंद आणि पखालवाला विसरू नका. चारा, चंदी, मोतद्दार, नाल, पशुवैद्य, ठाण, प्रशिक्षक, स्पर्धेला नेणारी गाडी : किमान दोन वर्षांचा हा खर्च बाजूला काढा, आणि उरेल त्यात घोडा शोधा. लोक उलट करतात. सगळं घोड्यात घालतात आणि मग पोसताना चंदी कमी करतात. भोगतं ते मुकं जनावर.

कुणी म्हणेल, स्वस्तातला घोडाही विजेता होतो. होतो. १९५६ मध्ये अमेरिकेत हॅरी डी लेयर यांनी ८० डॉलरला एक करडा, नांगराचा घोडा घेतला. तो खाटिकखान्याच्या गाडीत चढवलेला होता. त्याचं नाव ठेवलं स्नोमॅन, आणि १९५८ मध्ये तो न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये राष्ट्रीय विजेता ठरला. गोष्ट खरी आहे आणि सुंदर आहे. पण त्याच गाडीतले बाकीचे घोडे कुठं गेले, तेही आठवा. आणि डी लेयर स्वतः कसलेले घोडेतज्ज्ञ होते. पैसा नसेल तेव्हा त्याची जागा डोळ्यानं आणि वेळेनं भरावी लागते. ज्याच्याकडे पैसाही नाही, डोळाही नाही आणि सवडही नाही, त्यानं स्नोमॅनची वाट बघू नये.

पुन्हा बारगीर, पुन्हा शिलेदार

१९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत भारतानं घोडेस्वारीत सुवर्ण जिंकलं. वैयक्तिक इव्हेंटिंगचं सुवर्ण रघुबीर सिंग यांनी शहजादा या घोड्यावर मिळवलं. ते लष्करातले दफेदार होते. पागा, मैदान, पशुवैद्य, नालबंद, सगळं सरकारचं. जुन्या भाषेत बोलायचं तर हे बारगिरांचं यश होतं. सामान्य घरातला माणूस जगाच्या मैदानावर गेला, कारण घोड्याचा भार राज्यानं उचलला.

त्यानंतर घोडेस्वारीतलं पुढचं आशियाई सुवर्ण यायला ४१ वर्षं लागली. २०२३ मध्ये हांगझोऊला भारताच्या ड्रेसाज संघानं ते मिळवलं. इंदूरची सुदीप्ती हजेला, मुंबईचा हृदय छेडा, जयपूरची दिव्यकृती सिंह आणि कोलकात्याचा अनुष अगरवाला. अनुषनं वैयक्तिक कांस्यही जिंकलं आणि तो २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला गेला. त्याची सुरुवात कोलकात्याच्या टॉलीगंज क्लबमध्ये झाली, पुढं किशोरवयातच तो जर्मनीला गेला. हे सारे शिलेदार. घोडा घरच्यांचा, जोखीम घरच्यांची, वर्षानुवर्षं परदेशात राहणं घरच्यांच्या खर्चानं. त्यांच्या जिद्दीला माझा सलाम आहे.

परदेशातच का राहावं लागलं? बजेटचा सर्वांत मोठा आकडा तिथं लपला आहे. रोगनियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांमुळे भारतात ठेवलेला घोडा बाहेर स्पर्धेला नेणं जवळपास अशक्य होतं. त्यामुळे मोठं स्वप्न असेल तर घोडा, स्वार, सगळा संसार युरोपात मांडायचा. मधल्या उत्पन्नाच्या घराचं स्वप्न इथंच संपायचं. २०२५ मध्ये मेरठच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरच्या केंद्रातल्या रोगमुक्त अश्वविभागाला जागतिक पशुआरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. बातमी छोटी होती, पण तिचं वजन मोठं आहे. भारतात वाढलेला, भारतात शिकलेला घोडा इथून बाहेर जाऊन परत येण्याची दारं तिनं किलकिली केली आहेत.

प्रश्न उरतो तो तिसऱ्या मुलाचा. जो फौजेत नाही आणि ज्याचे वडील घोडा परदेशात ठेवू शकत नाहीत. त्याच्यासाठी उत्तर आपल्याच इतिहासात आहे : चंदा. दहा-बारा घरांनी मिळून दोन शिकलेले घोडे घ्यावेत, खर्च महिन्याला वाटून घ्यावा, घोडा गेला तर नुकसान सगळ्यांचं. क्लबांनी, रायडिंग शाळांनी, संस्थांनी अशी सामाईक पागा ठेवावी. सिलादार रिसाल्यांनी शंभर वर्षं हेच केलं, आणि शांततेच्या काळात ते उत्तम चाललं. खेळ हा शांततेचाच काळ आहे.

तेव्हा मुलीसाठी घोडा बघायला निघाल, तर आधी कागदावर तीन ओळी लिहा. येत्या तीन वर्षांत तिला किती उंचीची उडी मारायची आहे. दर महिन्याला पागेसाठी किती देऊ शकता. आणि घोडा लंगडला, तर तो भार कुणाचा. या तीन ओळी लिहून झाल्या की किमतीचा आकडा आपोआप खाली येतो, नाहीतर घोडा घेण्याचा विचारच सध्या पुढं ढकलला जातो. दोन्हींत तुमचं आणि त्या जनावराचं भलं आहे.

पुढच्या भागात आपल्या भीमथडी घोड्याबद्दल बोलू. तोवर आपली रजा घेतो.

जय हिंद.